मार्माइटची काळी बरणी

मागच्या दिवाळीत माझा भाचा लंडनहून आदिलाबादला आला, तेव्हा त्याने एक पोटफुगी काळी बरणी आणली. मार्माइट. आईने झाकण उघडलं, वास घेतला नि म्हणाली, "काऊन रे, बंडीचं वंगण आणलं का?"

"आजी, नखभरच घे," तो म्हणाला. गरम भाकरी, लोणी आणि वर नखभर ते काळं. खारट, जरा कडसर, आणि मागून पुन्हा घास घ्यावा अशी चव. आईने दुसरी भाकरी मागून घेतली. पावावर मला नाही आवडलं, ज्वारीवर मात्र झकास!

बिअर तयार झाल्यावर जे यीस्ट उरतं, त्याचं हे सत्त्व. मीठ घातलं की यीस्ट फुटतं, आपल्याच रसाने विरघळतं. मग गाळून काकवीसारखं आटवायचं. ("दारू नाही ना यात?" आईने दोनदा विचारलं. नाही.) लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला याची युक्ती सापडली आणि १९०२ साली इंग्लंडात बर्टनला कारखाना निघाला.

पण आपल्या कामाची गोष्ट मुंबईची आहे. १९२८ साली लुसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टरीणबाई तिथे आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरीब बाया गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत, कित्येक दगावत. बाईंनी त्यांचं जेवण पाहिलं, तसंच निकस अन्न माकडांना घालून पाहिलं. शेवटी गुण आला तो स्वस्तातल्या मार्माइटने. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्यातलं गुणकारी द्रव्य म्हणजे फोलिक आम्ल. १९४१ साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं गेलं. आशाताई गरोदर बायांना लोहाची गोळी देतात ना, त्यात तेच असतं.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती बराच वेळ गप्प. तिची आजी निजामाच्या काळात, तिसऱ्या बाळंतपणात गेली. तळहात चुन्यासारखे झाले होते म्हणे. घरच्यांनी दृष्ट काढली, अंगारा लावला. तिचा फोटो नाही, नावही आता आईलाच ठाऊक.

"मुंबईत सापडलं होतं," आई म्हणाली, "मग इकडं काऊन नाही आलं?"

बरणी आता लोणच्याच्या फळीवर आहे. धाकट्या सुनेला सातवा लागलाय. तिच्या गोळीची वेळ आई स्वतः सांभाळते.