दिवा विझलेला मिनार

‘मिनार’ म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर मशीद येते. पण हा शब्द ज्या अरबी ‘मनारा’पासून आला, त्याचा मूळ अर्थ उजेडाची जागा, म्हणजेच दीपगृह. ‘नूर’ हा शब्दही त्याच धातूतला. असाच एक मिनार अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात, सुपिरियर सरोवराच्या काठी, दाट जंगलापलीकडे उभा आहे.

नावाला हे सरोवर. विस्तार सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, महाराष्ट्राच्या पावपटीहून जास्त! लोहखनिज वाहणारी कितीतरी जहाजे नोव्हेंबरच्या वादळांत इथे फुटली. म्हणून क्रिस्प पॉइंट या ठिकाणी बुडत्यांना वाचवणारे ठाणे उभारले गेले आणि १९०४ मध्ये ५८ फूट उंचीचे दीपगृह. जागेला नाव मिळाले ते कुणा सत्ताधीशाचे नाही, त्या ठाण्याच्या प्रमुखाचे.

पुढे दिवा स्वयंचलित झाला. राखणदार गेले. १९६५ मध्ये तटरक्षक दलाने त्यांची घरेही पाडली. मिनार आणि त्याला जोडलेली खोली तेवढी उरली.

रडार आल्यावर दिव्याची गरज काय, असा प्रश्न कुणालाही पडेल. १० नोव्हेंबर १९७५ ची रात्र आठवावी. याच भागात ‘एडमंड फिट्झगेराल्ड’ हे ७२९ फुटी जहाज २९ माणसांसह बुडाले. त्याची रडार यंत्रणा बंद पडली होती आणि वादळामुळे जवळच्या व्हाइटफिश पॉइंटचा स्वयंचलित दिवाही विझला होता. दिवा लागला आहे का, अशी विचारणा जहाजावरून रेडिओवर झाली होती. दिवा असता तर ते वाचले असते, असा दावा करता येणार नाही. पण यंत्रे बंद पडली की माणसाची नजर उजेडच शोधते, एवढे खरे.

१९९२ मध्ये क्रिस्प पॉइंटचा दिवाही बंद झाला. लाटांनी वाळू खाल्ली आणि १९९६ मध्ये ती खोलीही कोसळली. मिनारही गेलाच असता. पण ओहायोच्या एका जोडप्याने लोक जमवून संस्था उभी केली होती. १९९८ मध्ये किनाऱ्यावर मोठमोठे दगड टाकून पाणी अडवले गेले. पडलेली खोली पुन्हा बांधली गेली आणि २०१२ मध्ये दिवा लागला.

या मिनाराखाली कुणी बादशहा झोपलेला नाही. तो बांधला अनोळखी खलाशांसाठी आणि वाचवला अनोळखी माणसांनी. वारसा आपला की परका, हे ठरवण्यात आपण फार वेळ घालवतो. तोवर पाणी पायाशी येते.