इतिहासाचे लोणचे

बत्तीस वर्षे शाळेत इतिहास शिकवला की माणसाला दोन विकार जडतात. एक, खडूच्या धुळीचा खोकला. आणि दुसरा, इतिहास फक्त आपल्यालाच कळतो हा भ्रम. पहिल्यावर औषध पुण्यातच मिळाले. दुसऱ्यासाठी मात्र मला पार अमेरिकेत, पेनसिल्व्हेनियात, मुलीच्या घरी जावे लागले.

आमची नात मनू आठ वर्षांची. ती शाळेत जात नाही. दांडी मारते असे नव्हे, तिची शाळाच घरी आहे. पेनसिल्व्हेनियात १९८८ सालापासून या घरच्या शाळेचा रीतसर कायदा आहे. वर्षाला १८० दिवस, नाहीतर प्राथमिकचे ९०० तास शिकवायचे, कोणकोणती पुस्तके वाचली त्यांची नावांनिशी नोंद ठेवायची, मुलाच्या कामाची फाईल करायची आणि वर्षाअखेर ती जाणकार माणसाकडून तपासून घ्यायची. हे ऐकून आमची सौ. म्हणाली, "म्हणजे शाळा सुटली तरी इन्स्पेक्शन काही सुटलं नाही!"

आम्ही पोचलो तेव्हा घरात पेच पडला होता : इतिहासाचा अभ्यासक्रम कोणता घ्यायचा? आता आपल्याकडे हा प्रश्नच पडत नाही. १९६७ साली बालभारती निघाली तेव्हापासून पुस्तक सरकार काढते, आपण फक्त त्याला खाकी कव्हर घालायचे. तिकडे मात्र लग्नाच्या साड्या पाहाव्यात तसे अभ्यासक्रम पसरून पाहतात.

"बाबा, तुम्ही इतिहासाचे शिक्षक. तुम्हीच सांगा," म्हणून वैशालीने टेबलावर ढीग ओतला. मी चष्मा पुसला आणि परीक्षकाच्या खुर्चीत बसलो.

पहिला मान 'द स्टोरी ऑफ द वर्ल्ड'चा. लेखिका सुसान वाइज बाउअर, स्वतः लहानपणी घरीच शिकलेल्या. २००१ साली पहिला भाग आला. एकूण चार भागांत भटक्या टोळ्यांपासून थेट विसाव्या शतकाच्या अखेरीपर्यंत सगळे जग गोष्टीसारखे सांगितलेले. सोबत उपक्रमांचे वेगळे पुस्तक : प्रत्येक धड्यावर प्रश्न, नकाशा, आणखी काय वाचावे त्याची यादी आणि हाताने करायचे काहीतरी.

दुसरा पंथ शार्लट मेसन यांचा. या इंग्रज बाई १८४२ ते १९२३ या काळातल्या. त्यांचे म्हणणे असे की पाठ्यपुस्तकाचा भुसा मुलांना घालू नका, ज्याला विषयाचे प्रेम आहे अशा एकाच माणसाने लिहिलेले 'जिवंत पुस्तक' द्या. ते एकदाच वाचायचे आणि मग मुलाने आपल्या शब्दांत सांगायचे. रिकाम्या जागा भरा नाही, जोड्या लावा नाही. (मी बत्तीस वर्षे दुसरे काय केले?) या पंथात एच. ई. मार्शल यांच्या १९०५ सालच्या 'अवर आयलंड स्टोरी'चा मोठा मान. पुस्तक गोड आहे, पण सुरुवात समुद्रदेवाच्या मुलापासून. आणि पुढे १८५७ येते तेव्हा दिल्लीच्या वेढ्यात आपण तटाच्या आत असतो आणि पुस्तक बाहेर!

तिसरा 'सोनलाइट', १९९० पासूनचा. हा पेटीतून येतो. कादंबऱ्या, चरित्रे, आणि कोणत्या दिवशी कुठली पाने वाचायची याचे आईबापांसाठी वेळापत्रक. यात कात्री-डिंक कमी, सोफ्यावर बसून मोठ्याने वाचणे फार.

मला आपले नेहरू आठवले. त्यांनी १९३० ते १९३३ या काळात बहुतेक तुरुंगातूनच इंदिरेला १९६ पत्रे लिहून जगाचा इतिहास शिकवला. खर्च पोस्टाच्या तिकिटाचा, उपक्रम शून्य. पण वैशाली म्हणाली, "त्यासाठी तुरुंगात जायची सवड हवी, बाबा."

शेवटी मनूनेच निकाल लावला. उपक्रमांच्या पुस्तकात प्राचीन इजिप्तच्या धड्याला कोंबडीची ममी करायला सांगितली आहे. खरी कोंबडी! धुवायची, पुसायची, मिठात पुरायची आणि अधूनमधून मीठ बदलत काही आठवडे ठेवायची. आमच्या शाळेत उपक्रम म्हणजे तक्ता. फार तर दिवाळीचा किल्ला, मातीचा, वर अळीव पेरलेला. आणि तो आम्ही उपक्रम म्हणून नव्हे तर अंगणात चिखल करायला मिळतो म्हणून केला.

मीठ बदलायचे काम माझ्याकडे होते. मी ते इतिहासाच्या शिक्षकाला शोभेल अशा रीतीने केले : म्हणजे पुढच्या आठवड्यावर ढकलले. दहाव्या दिवशी गॅरेजमध्ये पाऊल ठेववेना. सौ. जन्माची शाकाहारी. ती नाकाला पदर लावून आत गेली, लांबूनच एक नजर टाकली आणि म्हणाली, "अहो, मिठाला पाणी सुटलंय. कैरीलासुद्धा सुटतं. ओलं मीठ काढा, कोरडं घाला, नाहीतर नासणारच!" इजिप्तच्या पुरोहितांची विद्या आमच्या लोणच्याच्या बरणीत होती, आणि मी बत्तीस वर्षे नाईल नदीच्या लांबीचे मार्क देत होतो.

ममी वाचली. आता आली शार्लटबाईंची पाळी. वैशाली म्हणाली, "बाबा, जिवंत पुस्तक तर तुम्हीच. पानशेत सांगा ना तिला."

हा माझा हातखंडा प्रयोग. १२ जुलै १९६१, बुधवार. मी अकरा वर्षांचा, घर शनिवार पेठेत नदीजवळ. सैनिकांनी रात्रभर वाळूची पोती रचून धरण तगवले म्हणून ते दिवसाउजेडी फुटले. पाणी लकडी पुलावर चढले. मी शाळेतून धावत घरी आलो, एका हाताने आजीला धरले, दुसऱ्या काखेत देव्हारा मारला आणि दोघांनाही पर्वतीवर नेऊन पोचवले. साठ वर्षांत या गोष्टीला एकदाही टाळी चुकलेली नाही.

मनूने सगळे नीट परत सांगितले. मग म्हणाली, "आजोबा, दुसरं पुस्तक कुठलं? आई म्हणते, एकच वाचून ठरवायचं नाही. त्या आयलंडवाल्या पुस्तकाबरोबर आपण दुसरं पण वाचणारोत."

दुसरे पुस्तक पुण्यात होते. माझी थोरली बहीण, अक्का, वय चौऱ्याऐंशी. तिला फोनच्या पडद्यावर आणले. तिने माझी आवृत्ती ऐकली आणि तोंडाला पदर लावून हसली.

"देव्हारा? अगं, गोट्यांचा डबा होता तो! तेवढ्यासाठी हा घरात परत शिरला. पाणी ओट्याला लागलेलं. आजी देव घेऊन दारात उभी होती. तिनं देव तिथंच ठेवले आणि ह्याच्या दंडाला धरून ओढत नेलं. देव गेले मग वाहून."

खोलीत कोणी बोलेना. मला डब्यातल्या गोट्यांचा आवाज ऐकू आला. खरे सांगतो, मी खोटे बोलत नव्हतो. साठ वर्षे सांगता सांगता माझ्या काखेतला डबा कधी देव्हारा झाला, मलाच कळले नव्हते. आजीनेही कधी दुरुस्ती केली नाही.

मनूने मात्र वही ओढली. कायद्याने ठेवायच्या नोंदीत तिने त्या आठवड्याची पुस्तके लिहिली. एक, इजिप्त. दोन, आजोबा. आणि पुढे कंसात : अक्काआजीबरोबर वाचावे.