मूळ चित्र आणि दूरचं गिऱ्हाईक

आज आपण घेतलेला प्रश्न साधा आहे. चित्र काढणारा माणूस गॅलरीच्या दारात न जाता, घरबसल्या इंटरनेटवरून आपली मूळ चित्रं विकून पोट भरू शकतो का? प्रश्न आजचा वाटतो, पण त्याची मुळं बरीच मागे जातात.

‘मूळ’ या शब्दाकडे लक्ष द्या. राजा रविवर्मा यांनी १८९४ साली मुंबईत शिळाछाप कारखाना काढला. लक्ष्मी, सरस्वती घरोघरी पोचल्या. पण पोचल्या त्या प्रती. मूळ तैलचित्रं राजवाड्यांत आणि श्रीमंतांच्या दिवाणखान्यांतच राहिली. वर कारखाना कर्जात गेला आणि शेवटी तिथल्याच श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाला विकावा लागला. म्हणजे दूरच्या गिऱ्हाइकाकडे जायचं तर प्रतच काढावी लागे, आणि तिचाही धंदा सोपा नव्हता.

इंटरनेटने आशा दाखवली ती मूळ चित्रच अनोळखी माणसाला विकण्याची. अमेरिकेत रिचमंड इथले चित्रकार ड्यूएन कायझर यांनी डिसेंबर २००४ मध्ये एक उपक्रम सुरू केला. रोज एक तैलचित्र, साधारण पोस्टकार्डाएवढं. विषय घरातल्या साध्या वस्तू. फोटो इंटरनेटवर टाकायचा आणि चित्र विकायचं. पुढे ही विक्री ईबेवरच्या लिलावात होऊ लागली. बघता बघता कितीतरी चित्रकार हेच करू लागले.

हे चाललं का? चित्र लहान, म्हणून एका बैठकीत होतं. टपालाने सहज जातं. ज्याने आयुष्यात कधी चित्र विकत घेतलं नाही, त्याच्याही खिशाला परवडतं. आणि रोज नवं असतं, म्हणून माणूस उद्या पुन्हा डोकावतो. यातली एकही गोष्ट रंगरेषेची नाही, बरं का! चित्राचं माप टपालाच्या पाकिटाने ठरवलं. यात कमीपणा आहे असं आम्ही म्हणत नाही. भिंत राजवाड्याची असली की मोठी चित्रं निघायची, तसंच हे.

पुढे २००५ साली ब्रुकलिनमध्ये एट्सी सुरू झालं, हाताने केलेल्या वस्तूंचा बाजार. तेव्हा विक्रीवर साडेतीन टक्के घेत. २०१८ मध्ये पाच झाले आणि टपालखर्चावरही लागू झाले. एप्रिल २०२२ मध्ये साडेसहा. तेव्हा हजारो विक्रेत्यांनी आठवडाभर दुकानं बंद ठेवली. दर काही खाली आला नाही.

हिशेब मांडून बघू. अमेरिकेतल्या चित्रकाराने शंभर डॉलरचं चित्र विकलं, टपालखर्च त्यातच धरला. वस्तू मांडायचे वीस सेंट, विक्रीचे साडेसहा डॉलर, पैसे वळते करण्याचे सव्वातीन डॉलर. हातात राहिले नव्वद डॉलर आणि पाच सेंट. बाहेरच्या जाहिरातीवरून गिऱ्हाईक आलं असेल, तर आणखी पंधरापर्यंत गेले. गॅलरी अनेकदा निम्मे घेते, त्या मानाने हे स्वस्तच की!

पण गॅलरी त्या निम्म्यात जागा देते, दिवे लावते, संग्राहकांना फोन करते. इथे रंग खरे दिसतील असा फोटो काढणं, वर्णन लिहिणं, पुठ्ठ्यात बांधणं, ‘थोडं कमी करा ना’ला उत्तर देणं, सगळं चित्रकाराच्या अंगावर. दलाल गेला असं आपण म्हणतो. आमच्या मते दलाली राहिली आणि दलालाचं कामही चित्रकाराकडे आलं. त्यात २०१३ पासून एट्सीने बाहेरच्या कारखान्यातून माल बनवून घ्यायला मुभा दिली. मूळ चित्राच्या शेजारी तो माल येऊन बसला.

मोठे आकडे आपण वाचतो ते लिलावांचे. मुंबईत २००० साली सुरू झालेल्या सॅफ्रनआर्टने आपल्याकडे ऑनलाइन लिलाव रुळवले. पण लिलावातलं चित्र बहुधा दुसऱ्यांदा विकलं जात असतं, आणि पैसा जातो तो आधीच्या मालकाला. यावर आपल्या कॉपीराइट कायद्यात १९९४ च्या दुरुस्तीने एक कलम आलंय, ५३ ए. मूळ चित्र दहा हजारांहून जास्त किमतीला पुन्हा विकलं गेलं, तर चित्रकाराला किंवा वारसांना वाटा, जास्तीत जास्त दहा टक्के. कलम आहे, तो वाटा पदरात पडलेला चित्रकार शोधावा लागेल.

म्हणून एनएफटी आले तेव्हा अनेकांचे डोळे चमकले. मार्च २०२१ मध्ये ख्रिस्टीजच्या लिलावात बीपल यांचं डिजिटल चित्र सुमारे सहा कोटी त्र्याण्णव लाख डॉलरला गेलं, ते बातम्यांत आलं. चित्रकारांना मोह होता तो वेगळ्याच गोष्टीचा: प्रत्येक फेरविक्रीत आपला वाटा आपोआप मिळेल. कायदा नको, वकील नको. पण हा वाटा कापून देणं बाजार चालवणाऱ्यांच्या हातात होतं. ऑगस्ट २०२३ मध्ये ओपनसी या मोठ्या बाजाराने जाहीर केलं, की यापुढे त्याची सक्ती राहणार नाही. विकणाऱ्याला वाटलं तर त्याने द्यावा.

इथे थांबू. मागच्या रांगेत हात वर झालेले दिसताहेत, आता तुमचे प्रश्न घेऊ.