बहिःशाल व्याख्याने

विद्यापीठाने आपल्या नियमित विद्यार्थ्यांखेरीज इतर नागरिकांसाठी, पदवीची वा वयाची अट न घालता आणि बहुधा विनाशुल्क योजलेल्या सार्वजनिक व्याख्यानांना बहिःशाल व्याख्याने असे म्हणतात. ‘बहिः’ म्हणजे बाहेर आणि ‘शाला’ म्हणजे शिक्षणाची वास्तू. त्या वास्तूबाहेर दिले जाणारे ते बहिःशाल शिक्षण. इंग्रजीतील मूळ संज्ञेचा शब्दशः अर्थ ‘भिंतींपलीकडचे’ असा आहे. प्रमाणपत्र वर्ग, अभ्याससहली व शिबिरे हीदेखील बहिःशाल शिक्षणाचीच अंगे असली, तरी सर्वसामान्य माणसाला त्यांतील परिचित आहे ते व्याख्यानच.

बहिःशाल शिक्षणाची साक्षरताप्रसाराशी पुष्कळदा गल्लत केली जाते. साक्षरतावर्ग वाचन-लेखनाची सुरुवात करून देतो. बहिःशाल व्याख्यान हे श्रोत्याला लिहितावाचता येते असे गृहीत धरते आणि त्याला इतिहास, विज्ञान, साहित्य, अर्थशास्त्र अशा विषयांत विद्यापीठीय दर्जाचे ज्ञान देऊ पाहते. परीक्षा, गुण वा नोकरी यांपैकी कशाचेही आमिष नसताना श्रोता येतो, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

उगम

लंडनमध्ये सर टॉमस ग्रेशॅम यांच्या मृत्युपत्रानुसार इ.स. १५९७ मध्ये ग्रेशॅम कॉलेज सुरू झाले. तेथील व्याख्याने विद्वानांसाठी लॅटिनमध्ये आणि नगरवासीयांसाठी इंग्रजीत होत. ती आजही विनामूल्य आहेत. ज्ञान कोणत्या भाषेत सांगितले असता ते नागरिकांचे होते, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

मात्र ‘विद्यापीठाने बाहेर जाणे’ या अर्थाने बहिःशाल शिक्षणाचे जनकत्व केंब्रिजचे जेम्स स्ट्यूअर्ट यांच्याकडे जाते. इ.स. १८६७ मध्ये त्यांनी उत्तर इंग्लंडमधील लीड्स, लिव्हरपूल, मँचेस्टर व शेफील्ड या नगरांत स्त्रियांसाठी खगोलशास्त्रावर व्याख्याने दिली. त्या काळी केंब्रिजची दारे स्त्रियांना बंद होती. स्ट्यूअर्ट श्रोत्यांच्या हाती विषयाचा छापील आराखडा देत, प्रश्न घालून देत आणि आलेली लेखी उत्तरे तपासून परत करीत.

रॉचडेल येथील सहकारी संस्थेच्या कामगारांपुढे व्याख्यान देताना घडलेला प्रसंग या पद्धतीच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचा आहे. व्याख्यानानंतर भिंतीवरील आकृत्या काढून नेण्यास वेळ नसल्याने स्ट्यूअर्ट यांनी त्या पुढील आठवड्यापर्यंत तशाच राहू दिल्या. ते परत आले तेव्हा सभागृहाच्या रखवालदाराने त्यांना सांगितले की, आठवडाभर लोक त्या आकृत्यांपुढे उभे राहून चर्चा करीत आहेत आणि त्यांना काही विचारायचे आहे. यातून व्याख्यानाला जोडून प्रश्नोत्तरांचा वर्ग घेण्याची प्रथा पडली. केंब्रिज विद्यापीठाने ही योजना इ.स. १८७३ मध्ये अधिकृतपणे स्वीकारली. पाच वर्षांनी ऑक्सफर्डने तिचे अनुकरण केले. पुढे इ.स. १९०८ मध्ये अर्थेतिहासकार आर. एच. टॉनी यांनी रॉचडेल व लाँगटन येथे कामगारांसाठी तीन वर्षे चालणारे वर्ग आरंभिले. त्यांत एक तास व्याख्यान व एक तास चर्चा असे आणि सभासदांना नियमितपणे निबंध लिहावा लागे.

महाराष्ट्रातील पूर्वपीठिका

महाराष्ट्रात सार्वजनिक व्याख्यानाची प्रथा विद्यापीठापेक्षा जुनी आहे. इ.स. १८४८ मध्ये एल्फिन्स्टन संस्थेच्या विद्यार्थ्यांनी मुंबईत साहित्य व विज्ञान यांना वाहिलेली सभा स्थापन केली. मराठी व गुजराती भाषांसाठी तिच्या ‘ज्ञानप्रसारक सभा’ निघाल्या आणि त्यांत देशी भाषांतून निबंध वाचले जाऊ लागले. ‘मराठी ज्ञानप्रसारक’ हे मासिक इ.स. १८५० मध्ये सुरू झाले. यानंतर इ.स. १८५७ मध्ये मुंबई विद्यापीठ स्थापन झाले; पण ते आरंभी केवळ परीक्षा घेणारे होते. त्यामुळे नागरिकांना व्याख्याने देण्याचा प्रश्नच त्याच्यापुढे नव्हता.

देणगीतून योजलेल्या व्याख्यानांनी ही उणीव अंशतः भरून काढली. जॉन विल्सन यांच्या स्मरणार्थ सुरू झालेल्या भाषाशास्त्रविषयक व्याख्यानमालेत रा. गो. भांडारकर यांनी इ.स. १८७७ मध्ये संस्कृत व तिच्यापासून निघालेल्या भाषांवर सात व्याख्याने दिली. ती इ.स. १९१४ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मराठीच्या ऐतिहासिक व्याकरणाचा अभ्यासक आजही या ग्रंथाकडे वळतो. परंतु मराठीची ही वंशावळ इंग्रजीत मांडली गेली होती. ती ऐकण्याचा अधिकार कागदोपत्री सर्वांना असला, तरी प्रत्यक्षात तो इंग्रजी जाणणाऱ्या मूठभरांनाच होता.

मराठीतून बोलण्याचे कार्य विद्यापीठाच्या पदवीधरांनी विद्यापीठाबाहेर केले. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या पदवीधरांपैकी एक असलेले महादेव गोविंद रानडे यांनी इ.स. १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली. वक्तृत्वोत्तेजक सभेमार्फत चालविली जाणारी ही माला आजही २१ एप्रिल ते २० मे या काळात टिळक स्मारक मंदिरात भरते. तिच्या धर्तीवर महाराष्ट्रातील असंख्य नगरांत वसंत व शारदीय व्याख्यानमाला निघाल्या. हा विस्तार अभिमानास्पद आहेच, पण त्याबरोबर एक सवयही रुजली: प्रत्येक संध्याकाळी नवा वक्ता आणि नवा विषय. रॉचडेलमध्ये आठवडाभर भिंतीवर टांगून राहिलेल्या आकृत्यांसारखे काही आपल्याकडे मागे उरले नाही.

विद्यापीठीय बहिःशाल विभाग

विद्यापीठांनी हे काम स्वतःकडे घेतले ते मुख्यतः स्वातंत्र्यानंतर. इ.स. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले. त्याचे पहिले कुलगुरू मुकुंदराव जयकर यांच्या नावाने विद्यापीठाचे बहिःशाल शिक्षण मंडळ ‘डॉ. बाबासाहेब जयकर व्याख्यानमाला’ चालवते. पुणे, अहमदनगर (आता अहिल्यानगर) व नाशिक जिल्ह्यांतील महाविद्यालये तिची केंद्रे असतात. तालुक्याच्या गावीही विद्यापीठाच्या नावाने बोलावलेला वक्ता ऐकायला मिळतो, ही या योजनेची जमेची बाजू होय. मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल शिक्षण विभागाने व्याख्यानांबरोबर दीर्घ अभ्यासक्रमांवर भर दिला. त्याच्या पुरातत्त्व वर्गांत डॉक्टर, वकील, बँक कर्मचारी, गृहिणी असे नाना व्यवसायांचे लोक सुट्टीच्या दिवशी शिकतात आणि लेणी, शिलालेख पाहण्यासाठी भटकंती करतात. हे वर्ग सशुल्क आहेत. परंतु स्ट्यूअर्ट यांच्या मूळ कल्पनेशी अधिक जवळचे आहेत, असे म्हणावे लागेल.

शेजारच्या म्हैसूर विद्यापीठाचे उदाहरण येथे उद्बोधक आहे. इ.स. १९३०च्या दशकात त्या विद्यापीठाने गावोगावी कन्नडमधून व्याख्याने योजली आणि ती स्वस्त छोट्या पुस्तिकांच्या रूपाने छापली. व्याख्यान विरले तरी पुस्तिका घरात राहिली.

महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात आजीवन अध्ययन व विस्तार मंडळाची तरतूद आहे. ‘बहिःशाल’ हा शब्द मागे पडून ‘आजीवन अध्ययन’ हा शब्द रूढ होत आहे. शब्दाबरोबर रोखही बदलला आहे. पूर्वीच्या शब्दात विद्यापीठाने कोठे जावे हे होते. नव्यात नागरिकाने किती काळ शिकावे हे आहे.

व्याख्यानाचे प्रत्यक्ष स्वरूप

सामान्यतः विद्यापीठ वक्त्याचे मानधन व प्रवासखर्च यांचा भार उचलते, तर यजमान महाविद्यालय वा ग्रंथालय सभागृह, ध्वनिक्षेपक व प्रसिद्धी सांभाळते. योजनेचे यश जवळजवळ सर्वस्वी या यजमानावर, आणि खरे तर त्यातील एका उत्साही प्राध्यापकावर वा ग्रंथपालावर अवलंबून असते. त्याची बदली किंवा निवृत्ती झाली की केंद्र कागदावर राहते. उपस्थिती भरून काढण्यासाठी महाविद्यालयातील वर्ग सोडून विद्यार्थ्यांना सभागृहात आणून बसवले की नागरिकांसाठी योजलेले व्याख्यान पुन्हा भिंतींच्या आतच होते. दीपप्रज्वलन, पाहुण्यांचा सविस्तर परिचय आणि आभार यांत वेळ गेल्यावर सर्वप्रथम कात्री लागते ती प्रश्नोत्तरांना. जेथे वेळ सकाळी अकराची ठेवली जाते, तेथे नोकरदार येऊ शकत नाही, हेही नोंदवले पाहिजे.

माणिकपूर व वसई परिसर

माणिकपूर हे पालघर जिल्ह्यातील वसई-विरार शहर महानगरपालिकेच्या हद्दीत, वसई रोड स्थानकाच्या पश्चिमेस वसलेले आहे. महानगरपालिका होण्यापूर्वी, इ.स. २००९ पर्यंत, ते नवघर-माणिकपूर नगरपरिषदेत होते. मुंबई, ठाणे, पालघर, रायगड, रत्नागिरी व सिंधुदुर्ग एवढा पट्टा मुंबई विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात येतो. अर्थात माणिकपूरही त्यात आहे. पण विद्यापीठाचे विद्यानगरी संकुल सांताक्रूझ पूर्वेस कालिना येथे आहे. तेथील संध्याकाळचे व्याख्यान विनामूल्य असले, तरी साठी ओलांडलेल्या श्रोत्याला त्याची किंमत परतीच्या विरार लोकलमध्ये उभे राहून चुकवावी लागते. बहिःशाल केंद्र घराजवळच्या महाविद्यालयात असण्याचे महत्त्व येथे ध्यानात येते. वसई रोड येथील अण्णासाहेब वर्तक महाविद्यालय व वसईतील संत गोन्सालो गार्सिया महाविद्यालय ही मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि माणिकपूरकरांच्या आवाक्यात आहेत.

या परिसरात विषयांची वाण नाही. वसईचा किल्ला व पोर्तुगीज राजवट, सोपाऱ्याचे प्राचीन बंदर व अशोकाचा शिलालेख, सामवेदी (कादोडी) व वाडवळी बोली, बागायती आणि भूजलाचा प्रश्न यांपैकी कोणत्याही एका विषयावर सलग सहा व्याख्याने होऊ शकतात. बोलीचा अभ्यास तर श्रोत्यांच्या सहभागानेच पुढे जाऊ शकतो, कारण सामग्री त्यांच्याच जिभेवर आहे.

संबंधित उपक्रम

ज्येष्ठांसाठी स्वतंत्र विद्यापीठीय वर्गांची कल्पना इ.स. १९७३ मध्ये फ्रान्समधील तुलूझ येथे प्रत्यक्षात आली. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्था ‘चाय अँड व्हाय?’ या नावाने पृथ्वी थिएटर व रुपारेल महाविद्यालय येथे विनाशुल्क विज्ञानगप्पा भरवत आली आहे. त्यांत प्रश्न विचारण्यास मुक्त वाव असतो. गोव्यात दा. ध. कोसंबी यांच्या जन्मशताब्दीनिमित्त पणजीच्या कला अकादमीत त्यांच्या नावाचा विचारमहोत्सव सुरू झाला. गोवा विद्यापीठाने अभ्यागत संशोधन प्राध्यापकांसाठी अध्यासने निर्माण केली आणि त्या प्राध्यापकांचे काही अभ्यासक्रम नागरिकांसही खुले केले. एकाच अभ्यासकाला ओळीने अनेक दिवस ऐकण्याची सोय त्यामुळे झाली. केंद्र शासनाच्या ‘स्वयम्’ या इ.स. २०१७ मधील व्यासपीठावर अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात व प्रमाणपत्राच्या परीक्षेपुरते शुल्क पडते. मात्र त्यांतील बहुतांश सामग्री इंग्रजीत आहे.