भारतीय तार अधिनियम, १८८५

भारतीय तार अधिनियम, १८८५ : ब्रिटिश राजवटीत तारयंत्रणेवर सरकारचा ताबा राहावा म्हणून केलेला व दूरध्वनीबरोबरच पुढे स्वतंत्र भारतात मोबाइल आणि इंटरनेटलाही लागू झालेला कायदा. अंमल १ ऑक्टोबर १८८५ पासून.

तारेचे लष्करी मोल राज्यकर्त्यांना १८५७ च्या उठावातच कळून चुकले होते. या अधिनियमाच्या कलम ४ ने तारयंत्रणा उभारण्याचा व चालवण्याचा अनन्य अधिकार सरकारकडे ठेवला. कलम ५ मुळे ‘सार्वजनिक आणीबाणी’ किंवा ‘सार्वजनिक सुरक्षितता’ या कारणांवरून तारा अडवता येत. आणीबाणी खरोखर आहे का, अशी शंका निघाल्यास सरकारी सचिवाच्या सहीचा दाखला हा निर्णायक पुरावा ठरे.

दाखल्याची ही तरतूद १९७२ च्या दुरुस्तीने गेली. आदेशाची कारणे लेखी नोंदवणे बंधनकारक झाले. मात्र ते दोन शब्दप्रयोग कायम राहिले. फोन टॅपिंग हा खासगीपणाचा भंग आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीजच्या याचिकेवर सांगितले आणि आढावा समिती नेमायला लावली. न्यायालयाची पूर्वपरवानगी मात्र सक्तीची केली नाही.

इंटरनेट बंद करण्यासाठी पूर्वी जमावबंदीचे कलम १४४ वापरले जाई. २०१७ मध्ये तार अधिनियमाखालीच त्यासाठी स्वतंत्र नियम आले. आदेश केंद्राच्या वा राज्याच्या गृहसचिवाचा. त्याचा आढावा घेणारेही सरकारी सचिवच. ऑगस्ट २०१९ मध्ये जम्मू-काश्मीरमध्ये इंटरनेट बंद झाले; तेथे सर्वत्र फोर-जी सुरू व्हायला फेब्रुवारी २०२१ उजाडला. दरम्यान, सर्वोच्च न्यायालयातील अनुराधा भसीन खटल्यात (१० जानेवारी २०२०) बेमुदत बंदी अमान्य ठरली व आदेश प्रसिद्ध करणे आवश्यक ठरले.

सरकारी तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. कायदा तिच्यामागे दहा वर्षांहून अधिक काळ टिकला. त्याची जागा घेणाऱ्या दूरसंचार अधिनियम, २०२३ च्या कलम २० मध्येही तेच दोन शब्दप्रयोग आहेत.

जुन्या अधिकाराची व्याप्ती तंत्रज्ञानाने कैक पटींनी वाढवली. पूर्वी तारा अडत. आता एका आदेशाने जिल्ह्यातला भाजीवाल्याचा क्यूआर कोड, विद्यार्थ्याचा परीक्षेचा अर्ज आणि बातमीदाराची बातमी एकाच वेळी अडते. म्हणून सहीआधी स्वतंत्र न्यायिक तपासणी असणे, ही या वारशातून मुक्त होण्याची पहिली अट होय.