भाडेकरू आणि घरधनी : मुंबईंतील सहकारी घरांची कथा



‘घर फिरलें कीं घराचे वांसेहि फिरतात’ अशी आपल्याकडे म्हण आहे. परंतु ज्या शहरांत बहुतेकांचें घर दुसऱ्याच्या मालकीचें असतें, तेथें वांसे फिरण्यास दैव फिरावें लागत नाहीं. घरमालकाची एक नोटीस पुरते. अशा शहरांत कांहीं सामान्य माणसें स्वतःच्या घरापर्यंत कशीं पोहोंचलीं, याचा इतिहास आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

या कथेचा आरंभ एका संकटापासून होतो. १८९६ च्या सप्टेंबरांत मांडवी भागांत डॉ. अकासिओ व्हिएगस यांनीं प्लेगचा पहिला रोगी ओळखला. पाहतां पाहतां सांथ पसरली, आणि गिरण्यांच्या वैभवाखालीं दडलेल्या अंधाऱ्या, कोंदट खोल्या सरकारच्या नजरेस पडल्या. १८९८ सालीं कायदा होऊन इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. ट्रस्टनें प्रिन्सेस स्ट्रीट, सँढर्स्ट रोड यांसारखे रुंद रस्ते काढले. शहरास हवा मिळाली खरी. पण रस्त्याच्या वाटेंत आलेल्या घरांतील गरिबांनीं जावें कोठें? काम सोडून दूर जाणें परवडत नसल्यामुळें ते शेजारच्या गल्लींत, अगोदरच भरलेल्या खोल्यांत शिरले. एकीकडची गर्दी हटली ती दुसरीकडे दाटली, एवढेंच.

पुढें १९२० सालीं गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या कारकीर्दींत सरकारनें डेव्हलपमेंट खातें काढून स्वतःच बांधकामास हात घातला. पन्नास हजार खोल्यांचा संकल्प होता. प्रत्यक्षांत वरळी, नायगांव, डिलाइल रोड व शिवडी येथें मिळून २०७ चाळी उभ्या राहिल्या. छप्पर मिळालें, पण राहणारा भाडेकरूच राहिला. वर्षानुवर्षे भाडें भरूनहि भिंतींतली एक वीटसुद्धां त्याची होत नव्हती.

दरम्यान एक निराळा विचार मध्यमवर्गांत रुजत होता. श्रीपाद सुब्राव तालमकी यांनीं १९०६ सालीं आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ शामराव विठ्ठल सहकारी पतपेढी काढली होती. एकट्याला पत नसते, पण दहाजण एकमेकांस जामीन राहिले तर पत निर्माण होते, हें त्या पेढीचें मर्म. १९०४ चा सहकारी कायदा केवळ पतपेढ्यांपुरता होता. १९१२ च्या कायद्यानें इतर कार्यांसाठींहि संस्था काढण्याची वाट मोकळी झाली. तिचा लाभ घेऊन तालमकी यांनीं १९१५ सालीं गांवदेवी येथें सारस्वत सहकारी गृहसंस्था उभी केली. मुंबईंतील या प्रकारच्या संस्थांत ती पहिली मानतात.

या संस्थेची रचना समजून घेण्यासारखी आहे. सभासदानें भाग घ्यावे, भागभांडवल व कर्ज यांच्या बळावर संस्थेनें इमारत बांधावी, आणि सभासदानें तींत भाडेकरू म्हणून राहावें. पण हें भाडें कोणा सावकाराच्या खिशांत जात नाहीं. त्यांतून कर्ज फिटतें व डागडुजी होते. इमारतीचा मालक एकटा कोणीच नाहीं, आणि मिळून सगळेच. पहिल्या महायुद्धाच्या काळांत भाडीं इतकीं भडकलीं कीं १९१८ सालीं सरकारला भाडेनियंत्रणाचा कायदा करावा लागला. तेव्हां या व्यवस्थेचें मोल सहज लक्षांत यावें. कायदा भाडेकरूचें रक्षण करतो. संस्था त्याला भाडेकरूपणांतूनच सोडविते.

तथापि या कथेची दुसरी बाजू झांकून चालणार नाहीं. या संस्था बहुधा एकेका ज्ञातीच्या किंवा समाजाच्या होत्या, आणि भाग घेण्यास दरमहा पगार लागे. कारकुनाला, शिक्षकाला दार उघडलें. हमालाला, गिरणीकामगाराला तें बंदच राहिलें. त्याचा परिणाम पुढें दिसला. १९८१ सालीं मुंबईच्या फुटपाथांवरील झोंपड्या हटविण्याचा हुकूम निघाला व प्रकरण सर्वोच्च न्यायालयांत गेलें. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कांतच येतो, असें न्यायालयानें १९८५ सालीं सांगितलें. पण नोटीस देऊन झोंपड्या काढण्याचा अधिकारहि मान्य केला. तत्त्व मिळालें, परंतु निवारा तत्त्वानें उभा राहत नाहीं.

मग गरिबाला मालकी अशक्यच काय? सोलापूरचें उत्तर निराळें आहे. तेथील विडी कामगार बायका पिढ्यान् पिढ्या भाड्याच्या खोल्यांत व झोंपड्यांत दिवस काढीत. त्यांच्या सहकारी संस्थेनें शहरानजीक कुंभारी येथें दहा हजार घरांची वसाहत उभारली व तिला गोदावरी परुळेकर यांचें नांव दिलें. खर्चाचा कांहीं भार केंद्रानें, कांहीं राज्यानें उचलला, उरलेला त्या बायकांनीं. २००६ सालीं त्या घरांचा ताबा मिळाला. गांवदेवीला जें पगारदारांसाठीं घडलें, तें नव्वद वर्षांनीं विड्या वळणाऱ्या हातांसाठीं घडलें.

या साऱ्या इतिहासाचें सार थोडक्यांत सांगतां येईल. परवडणाऱ्या अटींवर जमीन, दीर्घ मुदतीचें स्वस्त कर्ज आणि एकमेकांचा विश्वास या तिहींपैकीं एक जरी उणें पडलें, तरी घर उभें राहत नाहीं. पहिल्या दोन गोष्टी सरकारनें द्यावयाच्या. तिसरी आपणच एकमेकांस द्यावयाची. आज आपण आपल्या संस्थेच्या वार्षिक सभेस जाऊन पाण्याच्या टाकीवरून वाद घालतों, तेव्हां तो वाद घालण्याचा हक्क कोणी, किती कष्टांनीं मिळवून दिला, याचें स्मरण असावें. आणि तो ज्यांना अद्याप मिळाला नाहीं, त्यांचेंहि.