लुळा पाय आणि शिकविणारें यंत्र

पक्षाघातानें मनुष्याचा पाय लुळा पडतो, तेव्हां मूळ बिघाड पायांत नसतो. स्नायू व सांधे शाबूत असतात. मेंदूंतील रक्तप्रवाहांत विघ्न आल्यामुळें त्यांना आज्ञा देणारा धनीच मूक झालेला असतो. म्हणून अशा रोग्यास पुन्हां चालावयास लावणें म्हणजे पायापेक्षांहि मेंदूला नवे धडे देणें होय. ह्या कामीं यंत्रानें किती साहाय्य करावें, हा प्रश्न मात्र फार जुना आहे.

स्टॉकहोम येथें डॉक्टर गुस्ताव झांडर यांनीं १८६५ सालीं २७ यंत्रांनिशीं एक उपचारगृह उघडलें. कांहीं यंत्रांत रोगी स्वतःच्या बळानें तरफ ओढी, व तिचें वजन मोजून वाढवितां येई. कांहींत रोगी स्वस्थ बसे आणि वाफेच्या एंजिनाचें बळ त्याचें अंग हलवी. हीं यंत्रें केवळ पक्षाघातासाठीं नव्हतीं. परंतु हालचाल रोग्यानें करावयाची कीं यंत्रानें, हा पुढील वाद त्यांत बीजरूपानें होताच.

पक्षाघातानंतर पुष्कळांचा चवडा वर उचलत नाहीं. पाऊल फरफटतें व ठेंच लागते. १९६१ सालीं अमेरिकेंत डॉक्टर व्लादिमीर लिबर्सन व त्यांचे सहकारी यांनीं ह्यावर एक युक्ति प्रसिद्ध केली. बुटाच्या टांचेखालीं खटका बसविलेला असे. टांच उचलतांच विजेचा सौम्य प्रवाह गुडघ्यालगतच्या मज्जातंतूस पोंचे व चवडा वर येई. टांच टेकतांच प्रवाह बंद होई. विशेष हें कीं, यंत्र काढल्यावरहि कांहीं रोग्यांना थोडा वेळ आपल्या इच्छेनें चवडा उचलतां येऊं लागला. कुबडीमध्यें शिक्षकाचा गुण असूं शकतो, असें त्यावरून दिसलें.

पुढें १९९० नंतरच्या दशकांत बर्लिन येथें स्टेफान हेसे यांनीं रोग्यास पट्ट्यांनीं वरून आधार देऊन, देहाचा कांहीं भार हलका करून, ट्रेडमिलवर चालविण्याचे प्रयोग केले. उपयोग दिसला, पण लुळा पाय हातानें पुढें ठेवतां ठेवतां उपचारकच थकून जात. ह्याच सुमारास झुरिचच्या बालग्रिस्ट रुग्णालयांत गेरी कोलंबो व सहकारी पायांना बांधावयाचा यांत्रिक सांगाडा घडवीत होते. तो प्रथम मज्जारज्जूच्या रोग्यांसाठीं होता. नंतर पक्षाघातावरहि वापरांत आला. आतां यंत्र न थकतां शेंकडों पावलें टाकवूं शकत होतें.

परंतु श्रम वांचले म्हणून विद्या आली असें होत नाहीं. शिकागोंतील संशोधकांनीं २००८ सालीं थोडेंफार चालूं शकणाऱ्या ४८ रोग्यांची तुलना प्रसिद्ध केली. अर्ध्या तासाचे बारा पाठ दोन्ही गटांना मिळाले. पण उपचारकानें गरजेपुरताच हात दिलेल्यांचा वेग यांत्रिक सांगाड्यांतील रोग्यांपेक्षां अधिक वाढला. यंत्र पाय ठरल्या वाटेनें नेतें. रोग्यास झटावयास नको आणि चुकावयासहि वाव नाहीं, हें त्याचें संभाव्य कारण मानलें जातें.

ह्यावरून यंत्र निरुपयोगी ठरत नाहीं. कॉक्रन संस्थेच्या २०२० च्या आढाव्यांत ६२ चाचण्यांचा विचार झाला. व्यायामोपचारास यंत्राची जोड दिल्यास परावलंबन सोडून चालूं लागण्याचा संभव वाढतो, व पहिल्या तीन महिन्यांतील आणि मुळींच चालूं न शकणाऱ्या रोग्यांस तिचा लाभ अधिक होतो, असें त्यांत आढळलें. ज्याला उभेंहि राहवत नाहीं, त्याला पहिलें पाऊल यंत्रानें टाकून द्यावें. जो एक पाऊल टाकूं शकतो, त्याच्या दुसऱ्या पावलांत यंत्रानें ढवळाढवळ करूं नये. झांडर यांच्या दोन्ही प्रकारच्या यंत्रांना जागा आहे. केव्हां कोणतें, हें ओळखण्यांतच उपचारकाचें कौशल्य आहे.